एका चौकाची हवा आणि पृथ्वीचा ताप : शहरी वायुप्रदूषणाचा अभ्यास कसा करावा

जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईतील देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही स्पष्ट दिसत होता. पूर्व उपनगरांतील रहिवाशांना त्या दिवसांत दारे-खिडक्या लावून बसावे लागले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. १९२७ पासून कचरा साठत आलेल्या त्या डोंगराच्या पोटात ओला कचरा हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन तयार होतो. हा मिथेन पेटला की आग धुमसत राहते आणि लोकांच्या छातीत धूर जातो. पेटला नाही तर तो वातावरणात मिसळून पृथ्वीच्या तापमानवाढीत भर घालतो. एकाच ढिगातून निघणाऱ्या या दोन गोष्टींची नोंद आपण मात्र वेगवेगळ्या वह्यांत ठेवतो. शहराच्या हवेचा अभ्यास करणाऱ्याने या दोन्ही वह्या शेजारी-शेजारी उघडून ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. ते काम प्रत्यक्षात कसे करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी, शाळेतील विज्ञानशिक्षक किंवा एखाद्या प्रभागातील जागरूक रहिवासी यांना मोठ्या प्रयोगशाळेवाचून यातील बहुतेक पायऱ्या पार पाडता येतात.

१. प्रश्न लहान आणि नेमका करावा

“पुण्याची हवा का बिघडली?” हा चिंतेचा विषय आहे, परंतु अभ्यासाचा प्रश्न म्हणून तो फार मोठा आहे. “आमच्या चौकात डिसेंबर आणि जानेवारीत सकाळी ६ ते ९ या वेळेत सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण दुपारपेक्षा किती वाढते, आणि त्या वाढीत वाहनांचा, पालापाचोळा जाळण्याचा व वाऱ्याच्या मंद गतीचा वाटा कसा ओळखता येईल?” असा प्रश्न घेतला, तर त्यातच जागा, काळ, प्रदूषक आणि संशय असलेली कारणे ठरून जातात. प्रश्न लिहून काढावा आणि तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा. पुढे आकडे हाती येऊ लागले की मन भरकटते आणि जे सापडले तेच शोधायला निघालो होतो असे वाटू लागते.

२. सरकारी नोंदी वाचायला शिकावे

स्वतःचे यंत्र लावण्यापूर्वी उपलब्ध नोंदी वाचाव्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्वयंचलित केंद्रांचे आकडे संकेतस्थळावर आणि ‘समीर’ या ॲपवर मिळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने उभारलेली ‘सफर’ ही यंत्रणा २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने सुरू झाली आणि पुढे पुणे व मुंबई या शहरांतही आली. तिच्याकडून हवेच्या गुणवत्तेचा अंदाजही मिळतो.

येथे नवशिक्या अभ्यासकाची एक चूक नेहमी होते. हवा गुणवत्ता निर्देशांक आणि प्रदूषकाचे प्रत्यक्ष प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्देशांक ० ते ५०० या पट्टीवर मोजला जातो आणि तो सामान्य माणसाला इशारा देण्यासाठी बनवलेला आहे. अनेक प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वांत जास्त असेल, तोच त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. त्यामुळे काल धूलिकणांमुळे १५० आणि आज ओझोनमुळे १५० असे असले तरी या दोन दिवसांची हवा सारखी नसते. अभ्यासासाठी नेहमी घनमीटरमागे मायक्रोग्रॅम या एककातील मूळ आकडे घ्यावेत.

त्या आकड्यांची तुलना कशाशी करावी, हेही आधीच ठरवावे. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी ६० आणि वर्षाच्या सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक मूल्ये याच कणांसाठी अनुक्रमे १५ आणि ५ आहेत. एखाद्या दिवशी ५० मायक्रोग्रॅमची नोंद झाली, तर ती भारतीय मर्यादेच्या आत असते, पण आरोग्य संघटनेच्या मूल्याच्या तिपटीहून जास्त असते. अहवालात दोन्ही तुलना द्याव्यात आणि कोणती कोठे वापरली ते स्पष्ट लिहावे.

३. सेन्सर लावणे आणि त्याची परीक्षा घेणे

बाजारात काही हजार रुपयांना मिळणारे धूलिकण-सेन्सर लेझरच्या प्रकाशझोतातून हवा नेतात आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. हे सेन्सर प्रत्यक्षात कणांचे वजन कधीच करत नाहीत, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण त्यांचे जवळजवळ सर्व दोष यातूनच उद्भवतात.

पहिला दोष आर्द्रतेचा आहे. हवेतील सल्फेट, नायट्रेट यांसारखे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सर त्याला जड समजतो. सरकारी केंद्रांतील यंत्रे हवा आत घेताना ती तापवून कोरडी करतात. आपला स्वस्त सेन्सर तसे करत नाही. माझ्या गॅलरीत लावलेल्या सेन्सरने थंडीतल्या एका धुक्याच्या पहाटे जवळच्या केंद्राच्या दुपटीच्या आसपास आकडा दाखवला होता. त्याच दिवशी अकरा वाजता, रेलिंगवरचे दव वाळल्यावर, दोन्ही आकडे पुन्हा जवळ आले. पहाटेचाच आकडा मी लोकांपुढे ठेवला असता, तर ती अजाणता केलेली दिशाभूल ठरली असती. म्हणून सेन्सरसोबत तापमान आणि आर्द्रता मोजणारे साधन लावणे अनिवार्य मानावे, आणि आर्द्रता साधारण ७५ ते ८० टक्क्यांच्या वर गेलेल्या तासांच्या नोंदींवर वेगळी खूण करावी. कोकणपट्टीत पावसाळ्यातील बहुतेक नोंदींवर अशी खूण करावी लागेल आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

दुसरा दोष मोठ्या कणांचा आहे. हे सेन्सर पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांचा आकडाही दाखवतात, परंतु बांधकामाची जाडी धूळ त्यांना नीट दिसत नाही. ज्यांचा प्रश्नच बांधकामाच्या धुळीविषयी आहे, त्यांनी या आकड्यावर विसंबू नये.

यावरचा उपाय म्हणजे यंत्राची परीक्षा. सेन्सर कायमच्या जागी लावण्यापूर्वी तो जवळच्या सरकारी केंद्रापासून शक्य तितक्या जवळ, किमान दोन ते तीन आठवडे चालवावा. दोघांच्या तासातासाच्या नोंदी आलेखकागदावर परस्परांसमोर मांडाव्यात आणि आपला सेन्सर किती जास्त किंवा कमी दाखवतो, याची रेषा काढावी. हीच परीक्षा हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा घ्यावी, कारण हिवाळ्यातील धूर आणि उन्हाळ्यातील माती हे कण प्रकाश सारखा विखुरत नाहीत.

जागा निवडताना जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंची, सर्व बाजूंनी मोकळी हवा आणि डोक्यावर पावसापासून आडोसा असावा. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट फॅनपासून सेन्सर दूर ठेवावा, नाहीतर दुपारी साडेबाराला दिसणारी वाढ शहराची नसून शेजारच्या घरातल्या फोडणीची असते. देवघराच्या खिडकीबाबतही हीच काळजी घ्यावी. बंद खोलीत जळणारी एक उदबत्तीसुद्धा सेन्सरचा आकडा पाहता-पाहता कितीतरी पट वर नेते.

ज्या महाविद्यालयात हवेचा पंप आणि सूक्ष्म तराजू आहे, त्यांनी वर्षातून काही दिवस तरी जुन्या पद्धतीने गाळणकागदावर कण गोळा करून त्यांचे वजन करावे. मिनिटाला १६.७ लिटर या वेगाने २४ तास हवा ओढली तर सुमारे २४ घनमीटर हवा कागदातून जाते. हवेत ६० मायक्रोग्रॅम कण असतील, तर दिवसभरात कागदावर केवळ १.४४ मिलिग्रॅम वजन साठते. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण २० मिलिग्रॅम धरले, तर हे त्याच्या चौदाव्या भागाएवढे झाले. म्हणूनच कागद वापरण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक तापमान व आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवून मगच वजन करायचे असते. हाताचा घाम लागला तरी सगळा हिशेब बिघडतो. पण पांढरा कागद संध्याकाळी राखाडी होऊन बाहेर निघतो, तेव्हा विद्यार्थ्यांना जे समजते ते पडद्यावरच्या आकड्यांतून समजत नाही. त्या रंगातील काळेपणा मुख्यतः काजळीचा, म्हणजे कृष्ण कार्बनाचा असतो आणि पुढे हवामान बदलाच्या हिशेबात त्यालाच मोठे स्थान आहे.

४. आकड्यांतून हवेची स्थिती वजा करावी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. जानेवारीच्या पहाटे पुण्यातील वेताळ टेकडीवर उभे राहिले की शहरावर धुराचा थर एखाद्या सपाट झाकणासारखा पसरलेला दिसतो. त्याच्या वरचे आकाश निळे आणि खालच्या इमारती पुसट असतात. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. शालेय भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या झाकणाखाली शहराचा धूर कोंडला जातो. ऊन चढले की झाकण उचलले जाते.

याचा हिशेब साध्या गुणाकाराने करता येतो. हवा जितक्या उंचीपर्यंत मिसळते ती उंची आणि वाऱ्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे त्या हवेची धूर वाहून नेण्याची क्षमता. उदाहरणादाखल पहाटे मिश्रणाची उंची २०० मीटर आणि वारा सेकंदाला १ मीटर असेल, तर गुणाकार २०० येतो. दुपारी उंची १,५०० मीटर आणि वारा ३ मीटर असेल, तर तो ४,५०० होतो. दोन्ही वेळी चौकात तितकाच धूर सोडला, तरी तो पांगवण्याची क्षमता बावीस पटींहून अधिक बदललेली असते. वाऱ्याच्या नोंदी हवामान खात्याच्या आणि प्रदूषण मंडळाच्या केंद्रांवर मिळतात, तर मिश्रणाच्या उंचीचे तासागणिक अंदाज युरोपीय हवामान केंद्राच्या ‘ईआरए-५’ या विनामूल्य संग्रहात मिळतात.

प्रत्यक्ष कामात सर्व दिवसांचे वाऱ्याच्या वेगानुसार चार गट करावेत आणि एका गटातील दिवसाची तुलना त्याच गटातील दिवसाशी करावी. पावसाचे आणि त्यानंतरचा एक असे दिवस बाजूला ठेवावेत. दिवाळीचे दिवसही वेगळे काढावेत. तिथीनुसार येणारा हा सण इंग्रजी महिन्यांत सरकत असल्याने महिन्यांच्या सरासरीत मोठी फसगत होते. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला आणि २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते. या दोन वर्षांचे नोव्हेंबर जसेच्या तसे ताडून पाहिले, तर फटाक्यांचा धूर फक्त एकाच पारड्यात पडतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट जोडावी लागते. तेथे दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे यांच्या आलटून-पालटून येण्याने शहराची हवा धुतली जाते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा बरेच दिवस असाधारण वाईट राहिली, तेव्हा ‘सफर’चे संस्थापक संचालक गुफरान बेग यांनी त्या परिस्थितीचा संबंध २०२० ते २०२३ अशी सलग तीन वर्षे टिकलेल्या ‘ला निना’शी, म्हणजे पॅसिफिक महासागराचा विषुववृत्तीय पट्टा नेहमीपेक्षा थंड राहण्याच्या स्थितीशी, आणि त्यामुळे मंदावलेल्या, उशिरा दिशा पालटणाऱ्या वाऱ्यांशी जोडला. पॅसिफिक महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान आणि चेंबूरच्या मुलाचा खोकला यांच्यातला हा धागा आहे. अभ्यासकाने येथे दोन्ही बाजूंनी सावध राहावे. वाऱ्यामुळे हवा कोंडली हे खरे असले, तरी कोंडलेला धूर शहरानेच सोडलेला असतो. आणि एका हिवाळ्यावरून हवामान बदलाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, त्यासाठी दशकांच्या नोंदी लागतात.

५. पायी फिरून उगमांची यादी करावी

नकाशा घेऊन सेन्सरभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर पायी पालथा घालावा. चौकात पंधरा-पंधरा मिनिटे उभे राहून दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस आणि ट्रक वेगवेगळे मोजावेत. ही मोजणी सकाळी, दुपारी आणि रात्री अकरानंतर अशी तीन वेळा करावी, कारण अवजड ट्रक बऱ्याच शहरांत रात्रीच आत येतात. लाकडावर चालणाऱ्या बेकरीच्या भट्ट्या, बांधकामे, जनरेटर, कचऱ्याच्या राखेचे काळे डाग आणि थंडीत सोसायटीच्या फाटकाशी पेटणाऱ्या शेकोट्या यांची नोंद करावी. कोल्हापूर, सांगलीकडच्या जुन्या वस्त्यांत आंघोळीचे पाणी तापवणारे बंब अजून आढळतात. त्यांचा धूर पहाटेच्या झाकणाखाली नेमका वाईट वेळी सुटतो.

हे करताना माणसांशी नीट बोलावे. शेकोटी पेटवणारा रखवालदार प्रदूषणाचा गुन्हेगार नाही, तो रात्रभर कुडकुडणारा कामगार आहे; त्याला गरम कपडे आणि बंदिस्त चौकी मिळाली तर शेकोटी आपोआप विझते, आणि असे उपायही अहवालात यायला हवेत.

६. प्रत्येक उगमापुढे हवामानाचा रकाना जोडावा

आता दुसरी वही उघडावी. यादीतील प्रत्येक उगमापुढे तो काय सोडतो, ते हवेत किती काळ टिकते आणि त्याने पृथ्वी तापते की थंड होते, हे तीन रकाने आखावेत. काजळी काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत खाली बसते, पण हवेत असताना सूर्यप्रकाश शोषून उष्णता वाढवते. मिथेन सुमारे बारा वर्षे टिकतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट तापमानवाढ करतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो आणि एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे वाहनमोजणीवरून त्याचा ढोबळ अंदाज काढता येतो.

हे रकाने भरले की उगमांचे प्राधान्यक्रम बदलतात. काळा धूर सोडणारी जुनी डिझेल वाहने, लाकडी भट्ट्या आणि कचऱ्याचे डोंगर आवरले तर फुप्फुसांना आणि पृथ्वीला एकाच वेळी लाभ होतो. रस्त्यावरची धूळ आवरल्याने पीएम १० कमी होते, तिचाही त्रास खराच आहे, पण तापमानवाढीवर तिचा परिणाम नगण्य असतो. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली गेली. विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या २०२४ च्या आढाव्यात या कार्यक्रमाचा निम्म्याहून अधिक खर्च रस्त्यावरील धुळीवर झाल्याचे दिसून आले. जे मोजले जाते त्यावरच पैसा खर्च होतो, म्हणून काय मोजावे हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे.

सगळे उगम मात्र असे सरळ वागत नाहीत. दगडी कोळशातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून सल्फेटचे कण बनतात. ते आरोग्याला अपायकारक आहेत, पण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला काहीसे थंडही ठेवतात. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळतो तेव्हा दीर्घकाळ तापवणारा वायू आणि अल्पकाळ थंडावा देणारे कण एकाच चिमणीतून बाहेर पडतात. यावरून “प्रदूषण असू द्यावे” असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक आहे. कण दिवसांत खाली बसतात आणि वायू मागे उरतो, त्यामुळे तो थंडावा उधारीचा असतो. शिवाय या कणांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियातील मोसमी पाऊस क्षीण होण्यास हातभार लावला, असे आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यालाही म्हणूनच या चिमणीशी कर्तव्य आहे.

ओझोनचा रकाना वेगळा ठेवावा. तो कोणत्याही धुराड्यातून निघत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय वायू यांच्यावर ऊन पडून तो हवेतच तयार होतो, आणि मिथेनही त्याला हातभार लावतो. म्हणून तो दुपारी वाढतो आणि उष्णतेच्या लाटेत अधिक वाढतो. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत शहरांतील नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घटला, तरी काही शहरांत ओझोन वाढला. वाहनांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड एरवी ओझोनला खाऊन टाकतो, तो अचानक कमी झाला होता. वाहने कमी झाली म्हणजे प्रत्येक प्रदूषक कमी झालाच, असे गृहीत धरता येत नाही, याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा नाही.

७. लिहिणे आणि प्रभागापर्यंत पोहोचवणे

अहवालात प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहावी. “पीएम २.५ चे प्रमाण ८२” असे लिहिण्याऐवजी “परीक्षेच्या रेषेनुसार सेन्सरचा आकडा दुरुस्त केल्यानंतर ७० ते ९५ च्या दरम्यान, आर्द्रता ६० टक्के, वारा मंद” असे लिहावे. सेन्सर बंद पडलेले तास रिकामेच ठेवावेत, अंदाजाने भरू नयेत. कच्च्या नोंदी, सेन्सरच्या परीक्षेची रेषा आणि गाळलेल्या दिवसांची यादी परिशिष्टात जोडावी, म्हणजे कोणालाही तो हिशेब पुन्हा करून पाहता येईल.

महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाताना शंभर पानांचा अहवाल नेण्यापेक्षा दोन पाने न्यावीत. पहिल्या पानावर नकाशा आणि दोन्ही वह्यांचे एकत्र कोष्टक असावे, दुसऱ्यावर तीन मागण्या असाव्यात आणि त्या ज्याच्या अधिकारात येतात त्या विभागाचे नाव प्रत्येक मागणीपुढे लिहिलेले असावे. कचरा जाळण्याची तक्रार घनकचरा विभागाकडे, बांधकामाची इमारत परवानगी विभागाकडे आणि कारखान्याच्या धुराची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद महिनोन्‌महिने हलत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती पोच नोंदवहीत, त्या आठवड्याच्या आकड्यांशेजारी लावून ठेवावी. पुढच्या डिसेंबरमध्ये सेन्सरची परीक्षा पुन्हा घेऊन, वाऱ्याचे तेच गट पाडून, त्याच चौकात त्याच वेळेला पुन्हा मोजमाप सुरू करावे.